आधी नाका, मग राजा: टेबलटॉप आरपीजीसाठी स्वतःचं जग कसं रचावं

आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवायचा खेळ. त्यात पहिल्यांदा डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) व्हायचं ठरलं तेव्हा मी दोनशे पानी वही भरून काढली होती. अकरा राजघराणी, त्यांच्या वंशावळी, तीन महायुद्धं, देवांची भाऊबंदकी आणि एक प्रलय. पहिल्या सेशनला चौघं खेळाडू घाटातल्या जकातनाक्यावर पोचले. नाकेदाराने जकात मागितली आणि पुढचे अडीच तास चौघं त्याच्याशी घासाघीस करत बसले. भरल्या बैलाला किती, रिकाम्याला किती? मिठाला वेगळा दर आहे का? गोळा झालेला पैसा वर कोणाकडे जातो? तुझा पगार थकलाय का? माझ्या वहीत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रलय होता.

तेव्हापासून मी उलटीकडून सुरुवात करतो. आधी नाका, मग नाक्याच्या दोन्ही अंगांची गावं, आणि राजा कोणी विचारलाच तर. नियमांचे दाखले इथे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले (2014) आहेत, कारण आमचं टेबल त्यावर चालतं. तुमचा गेम वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच चालेल.

ही रीत काही माझी नाही. डेव्ह आर्नेसनचं ब्लॅकमूर आणि गॅरी गायगॅक्सचं ग्रेहॉक ही या खेळातली पहिली दोन जगं. 1974 साली खेळ छापून यायच्या आधीपासून ती टेबलावर होती, आणि दोन्हींचा जीव एक किल्ला आणि त्याखालची भुयारं एवढाच होता. बाकीचे नकाशे खेळता खेळता वाढत गेले.

वही उघडण्याआधी

सगळ्यांना एकत्र बसवून एक सेशन नुसतं बोलण्यात घालवा. याला सेशन झिरो म्हणतात. लढाया किती, कारस्थानं किती, विनोद चालेल का, दर आठवड्याला जमणार की महिन्यातून एकदा? महिन्यातून एकदाच भेटणाऱ्या टेबलासाठी बारा पंथांचं कारस्थान रचू नका. चार आठवड्यांनी कोणाला काही आठवत नाही. आणि टेबलावर काय नको हेही इथेच विचारा: लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा, कोणाच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर तो विषय. कारण विचारायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. आमच्या एका खेळाडूने ‘विहिरीत पडणं नको’ एवढंच सांगितलं होतं. तीन वर्षं झाली, आमच्या जगात आड-विहिरी भरपूर आहेत, पण कोणी त्यात पडत नाही.

पहिली पायरी: अशी एक जागा, जिथून सगळ्यांना जावंच लागतं

घाट, पूल, बंदर, नदी पायी ओलांडता येते ती जागा. मला घाट आवडतो, कारण डोळ्यांसमोर नाणेघाट आहे. कोकणातून जुन्नरकडे चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळातली. वरच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख, आणि खिंडीच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. जग रचणाऱ्याला आणखी काय हवं? बंदरातला माल वर जातो, देशावरचं धान्य खाली उतरतं, मध्ये एक चिंचोळी जागा आहे आणि तिथे एक माणूस हात पसरून बसलाय. हा रांजण रात्री कोण रिकामा करतं, एवढ्या एका प्रश्नावर पहिल्या लेव्हलचं, म्हणजे नवख्या पात्रांचं, अख्खं साहस उभं राहतं.

आता त्या जागेभोवती तीन दिवसांच्या चालीचं वर्तुळ काढा, बस. पाचव्या आवृत्तीत साध्या रस्त्याने, साध्या चालीने दिवसाला 24 मैल म्हणजे सुमारे 39 किलोमीटर होतात. अवघड वाटेवर त्याच्या निम्मे. षटकोनी खान्यांचा कागद वापरत असाल तर एक खाना 6 मैलांचा धरा: सपाटीवर दिवसाला चार खाने, डोंगरात दोन. म्हणजे घाटातून तीन दिवसांत सहाच खाने. पहिले दोन-तीन महिने तुमचे खेळाडू यापलीकडे जात नाहीत. गेलेच तर एका सेशनची सूचना द्यायला सांगा. मी सरळ सांगतो, ‘पुढच्या वेळी कुठे जाणार ते आज उठायच्या आधी ठरवा.’ यात कसली लाज नाही.

दुसरी पायरी: पाऊस कुठे पडतो

नकाशात बहुतेकांचा घोटाळा नद्यांपाशी होतो. नदी उतरणीला लागते, वाटेत दुसऱ्या नद्या पोटात घेते आणि समुद्राला मिळते. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर ती सहसा फुटून दोन होत नाही, आणि एका समुद्रातून निघून दुसऱ्यात तर कधीच जात नाही. पण जवळच्याच समुद्राला मिळेल असंही नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून जेमतेम 80 किलोमीटर, आणि बाई पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराकडे चालू लागते. कारण मध्ये सह्याद्रीची कड आहे. कागदावर आधी डोंगराची कड काढा. नद्या मग आपोआप ठरतात.

वारा समुद्राकडून येतो असं धरलंत की कडेच्या एका अंगाला धो धो पाऊस आणि दुसऱ्या अंगाला कोरड. एकट्या सातारा जिल्ह्यात पाहा: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. दहा पट फरक, तोही दोन-तीन दिवसांच्या चालीत. म्हणजे घाटाच्या एका बाजूची माणसं पाणी वाहून कसं जाईल याची काळजी करतात आणि दुसऱ्या बाजूची ते थांबेल कसं याची. त्यांची घरं, छपरं, शिव्या, देव, हुंडा सगळं वेगळं असणार. एवढ्या एका फरकातून तुमच्या दोन ‘संस्कृती’ तयार होतात. एल्फ आणि ड्वार्फ या खेळातल्या काल्पनिक जमाती त्यात नंतर बसवा.

तिसरी पायरी: कोण काय खातं आणि कोणाला पैसे देतं

इथे तीनच वस्तू निवडा: एक जी खालून वर जाते, एक जी वरून खाली येते आणि एक जिच्यासाठी दोघंही भांडतात. माझ्याकडे मीठ, ज्वारी आणि लोखंड. मीठ वाहणारे तांडे ठेवलेत, लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून घेतलेले. असा तांडा म्हणजे डीएमसाठी चालतं वर्तमानपत्र: बातम्या, अफवा, पळून आलेली माणसं, सगळं त्यांच्यासोबत फिरतं.

आठवडी बाजार हा तर फुकट मिळालेला खजिना. मंगळवारी सगळे एका गावात येतात हे एकदा ठरलं की खुनी, सावकार, जादूगार आणि खेळाडू एकाच ठिकाणी आणायला वेगळं निमित्त लागत नाही. वार मोजायची सवय खेळाडूंनाही लागते.

करासाठी इतिहासातला आकडा उचला. मराठ्यांची चौथ म्हणजे महसुलाचा 25 टक्के वाटा, वर सरदेशमुखी 10 टक्के. खेळाडूंनी एखादं गाव गॉब्लिनांच्या टोळीपासून वाचवलं, आनंदीआनंद झाला, आणि पुढच्या मंगळवारी पलीकडच्या सरदाराचा कारकून वही घेऊन दारात आला, ‘आमच्या संरक्षणाबद्दल चौथाई.’ तलवार कोणावर उगारायची? कारकून तर नम्र आहे, त्याच्याकडे सनद आहे, आणि गावाचा पाटील म्हणतोय की दरवर्षी देतोच की.

चौथी पायरी: जादूचा हिशेब

सगळ्यात जास्त जगं इथे कोसळतात. जादू असते, पण तिच्यामुळे जगात काहीच बदललेलं नसतं. म्हणून मंत्रांची यादी घ्या आणि सावकाराच्या नजरेने वाचा.

पाणी निर्माण करण्याचा मंत्र पहिल्या पातळीचा आहे आणि एका वेळी 10 गॅलन देतो, म्हणजे सुमारे 38 लिटर. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे (देवाकडून मंत्र मिळवणारं पात्र) दिवसाला असे दोन स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या दोन संधी: 20 गॅलन. नियमांप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. म्हणजे दुष्काळी भागात एक नवखी क्लेरिक उन्हाळ्यात दहा माणसं जगवते. तिसऱ्या लेव्हलला सगळे सहा स्लॉट यातच घातले (त्यातले दोन वरच्या पातळीचे, दुप्पट पाणी देणारे) तर 80 गॅलन, म्हणजे चाळीस माणसं. गाव तिला काय म्हणेल? देवी म्हणेल, आणि वेशीबाहेर जाऊ देणार नाही. शंभर उंबऱ्यांच्या गावात ते पाणी कोणाला मिळणार याची यादी कोण करतं? ज्यांनी टँकरमागे रांग लावली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ड्रुइडचा (निसर्गाकडून मंत्र मिळवणारं पात्र) गुडबेरी मंत्र घ्या. एका वेळी दहा बोरं, एका बोरात एका माणसाचं दिवसाचं पोट भरतं, पण चोवीस तासांत त्यांतला गुण जातो. म्हणजे ही बोरं साठवता येत नाहीत. व्यापाऱ्याला त्यांचं कोठार भरता येणार नाही, त्याला ड्रुइडच कोंडून ठेवावा लागेल. बघा, साहस तयार झालं.

आता मरण. रेझ डेड मंत्राला 500 सुवर्णनाण्यांचा हिरा लागतो आणि मरून दहा दिवसांच्या वर झालेले नसावेत. दहा दिवस हा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीत नीट उठून बसलो, कारण आपल्याकडे दशक्रिया दहाव्या दिवशी असते. पिंड मांडायचा, कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं मानायचं आणि कोणीतरी पुढे होऊन वचन द्यायचं. माझ्या जगात हे मी जवळजवळ तसंच ठेवलं. तिथे श्रीमंताच्या घरी कावळा शिवेपर्यंत वाटण्या होत नाहीत, कारण म्हातारा परत येऊ शकतो. काही वारस कावळे पाळतात. काही वारस आधीच बाजारातले हिरे विकत घेऊन ठेवतात, म्हणजे भावाला मिळू नयेत. राजा मेल्यावर दहा दिवस गादी रिकामी असते, आणि त्या दहा दिवसांत सरहद्दीवर काय काय होतं ते खेळाडूंना विचारा. नियमपुस्तकातली एक ओळ आणि घरातला एक विधी, एवढ्यात राज्याचा वारसा-कायदा तयार झाला. अकरा राजघराण्यांची गरज पडली नाही.

मजुरीचा आकडाही डोक्यात ठेवा. अकुशल मजुराला दिवसाला दोन रौप्यनाणी, लांब तलवारीला 15 सुवर्णनाणी, एका सुवर्णनाण्याची दहा रौप्य. म्हणजे एक तलवार म्हणजे 75 दिवसांची मजुरी. पूर्ण पोलादी चिलखत 1500 सुवर्णनाणी: 7500 दिवस, वीस वर्षं. तुमचा पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर योद्धा, चिलखत घालून झोपडीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्या घरातल्या माणसाला समोर काय दिसतं, हे ठरवायला वेगळी कल्पनाशक्ती लागत नाही.

पाचवी पायरी: देव, भुतं आणि नवस

राक्षसांच्या जाडजूड पुस्तकातून दर सेशनला नवा प्राणी काढण्यापेक्षा, प्रत्येक अमानवी गोष्टीला एक जागा आणि एक अट द्या. आपल्या भुतांची रचना मुळातच अशी आहे. मुंज्या पिंपळावर, सातीआसरा पाण्याकाठी, वेताळ गावाच्या शिवेवर, कोकणात राखणदार आपल्या हद्दीत. चकवा तर लढतच नाही, फक्त वाट चुकवतो. लढाईने न सुटणारा शत्रू टेबलावर आणून बघा: फायटर खेळणारा मित्र पहिले दहा मिनिटं फासे हातात घेऊन नुसता बसून होता, मग त्यानेच माग काढायची युक्ती सुचवली.

देवराई ठेवाच. जिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असं रान. आता थंडीच्या रात्री तिथे मुक्काम पडू द्या.

आणि नवस. पाश्चात्त्य धाटणीच्या फँटसीत क्लेरिक देवाची भक्ती करतो आणि मंत्र मिळतात. आपल्याकडे देवाशी व्यवहारही होतो. नियम साधा ठेवलाय: कोणतंही कॅरेक्टर एखाद्या ठिकाणच्या दैवताला नवस बोलू शकतं आणि एक फासा पुन्हा टाकू शकतं. त्या बदल्यात काय देणार ते त्याच क्षणी, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं. नवस फेडेपर्यंत दुसरा मिळत नाही. आमची रोग (rogue, चोरट्या कसबाचं पात्र) सध्या एका डोंगरदेवीला सव्वा मण गूळ देणं लागते आणि चार सेशनपासून त्या डोंगराला वळसा घालून जातेय.

एक पथ्य मी पाळतो: लोकांच्या देव्हाऱ्यातले देव टेबलावर आणत नाही. खंडोबाला हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) लावले की कोणाचं तरी मन दुखणार, आणि दुखलं नाही तरी खेळ फसतो, कारण खेळाडूंना त्याच्याबद्दल डीएमपेक्षा जास्त माहीत असतं. रचना घ्या, नाव नवं ठेवा.

सहावी पायरी: नावं

अपॉस्ट्रॉफींनी भरलेली, जीभ वळणार नाही अशी नावं दुसऱ्या सेशनपर्यंत टिकत नाहीत. खेळाडू ‘तो टकला’ म्हणू लागतात. प्रत्येक प्रदेशाला दोन-तीन प्रत्यय ठरवून द्या. आपल्या गावांकडे बघा: कोकणपट्टीत डोंबिवली, कांदिवली, देशावर संगमनेर, पारनेर, सगळीकडे वाडी आणि गाव. एकाच नावाची दोन गावं असली की धाकटं खुर्द आणि थोरलं बुद्रुक, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. म्हणजे गावाच्या नावातच कळतं की इथे कधीतरी फारसीत दप्तर लिहिणारी राजवट होऊन गेली. तुमच्या जगात जुन्या एल्फ साम्राज्याचा एकच प्रत्यय गावांच्या नावात सोडून द्या आणि गप्प बसा. कोणीतरी विचारेल.

सातवी पायरी: माणसं, आणि एक अवघड गोष्ट

गावात कोण असतं याची तयार यादी आपल्याकडे आहे: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आणि बाकीचे बलुतेदार. प्रत्येकाला एक हवं आणि एक भय द्या. लोहाराला मुलगी शहरात शिकायला पाठवायची आहे. त्याला भीती आहे की कोणीतरी ती तलवार ओळखेल. एका माणसाला एवढं पुरतं.

पण बलुतेदारी उचलली की तिच्याबरोबर गावकूसही येतं, आणि गावकुसाबाहेर कोण राहायचं हे या भाषेत वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नुसती घोंगडी आणि पाटलाचा वाडा घेऊन जात विसरता येत नाही. इथे दोनच प्रामाणिक वाटा मला दिसतात. एक, टेबलाने सेशन झिरोमध्ये ठरवून हा विषय गंभीरपणे खेळायचा. दोन, कसब जन्मावरून ठरत नाही असं गाव रचायचं आणि मग ते कशावरून ठरतं याचं उत्तर शोधायचं. आम्ही दुसरी निवडली. आमच्याकडे मुलं बाराव्या वर्षी कौल लावून उस्ताद निवडतात, आणि त्यातून भलतीच भांडणं निघतात.

‘जन्मानेच दुष्ट’ असणारे ऑर्क मी याच कारणासाठी टाकून दिले. एखादी जमात उपजतच चोर किंवा घाणेरडी आहे हे वाक्य आपल्या मातीत खूप माणसांनी खूप माणसांबद्दल म्हटलेलं आहे. टेबलावर ते चांगल्या पात्राच्या तोंडी यावं असं मला वाटत नाही. घाटात लुटणारी ऑर्कांची टोळी आहे, जरूर आहे. त्यांची कुरणं कोणी घेतली तेही वहीत लिहिलेलं आहे.

आठवी पायरी: रिकाम्या जागा

नकाशाचा निम्मा भाग कोरा ठेवा आणि तो भरायला खेळाडूंना लावा. प्रश्न लहान आणि ठोस हवा. ‘तुझ्या देशाबद्दल सांग’ म्हटलं की माणूस बावचळतो. ‘तुमच्याकडे पाहुणा आला की आधी काय देतात?’ म्हटलं की लगेच उत्तर येतं. आमच्या ड्वार्फने सांगितलं, गरम दगड. थंडीत हातात धरायला. त्या एका दगडावरून पुढे यजमानधर्म, खाणींतली आग आणि एका अपमानाचा सूड इतकं सगळं निघालं.

मग नियम असा: टेबलावर बोललं गेलं तेच खरं. वहीत काहीही असू दे, खेळाडूंना सांगितलेलं नसेल तर ते अजून बदलता येतं. सेशन संपल्यावर दहा मिनिटांत नवी नावं, दिलेली वचनं आणि मारलेल्या थापा लिहून काढा. दुसऱ्या दिवशी ठेवलंत तर गेलं. मी एकदा एका म्हाताऱ्याला दोन सेशनमध्ये दोन वेगळी गावं दिली. खेळाडूंनी पकडलं, आणि तो हेर आहे असं त्यांनीच ठरवून टाकलं. मी मान डोलावली.

खेळाडू काही करत नसले तरी जग थोडं सरकलं पाहिजे. दोन-तीन गटांसाठी चार-चार पायऱ्या लिहून ठेवा: खेळाडूंनी लक्ष घातलं नाही तर पुढच्या मंगळवारी काय होईल, त्याच्या पुढच्या मंगळवारी काय. चारपेक्षा जास्त लिहू नका, वाया जातात.

सेशनच्या आदल्या रात्री

एक पान. त्यावर मी एवढंच लिहितो: सुरुवात कुठे होते, तीन माणसं (नाव, हवं, भय), दोन ठिकाणं आणि प्रत्येकाचा एक वास किंवा आवाज, कोणत्या गटाची कोणती पायरी पुढे सरकली, आणि तातडीला लागतील म्हणून त्या प्रदेशाच्या प्रत्ययांची आठ सुटी नावं. बोलीची नोंदही करतो. नियम इंग्रजी-मराठी मिसळून बोलायला हरकत नाही, आम्ही अटॅक रोलला अटॅक रोलच म्हणतो. पण पात्रं मराठीत बोलतात, आणि घाटाखालच्या माणसाला मालवणी वळण दिलं तर ते शहाण्या माणसालाही द्यायचं; नाहीतर बोली म्हणजे अडाणीपणा असं होऊन बसतं.

या रविवारच्या पानावर सध्या हे आहे. नाक्यावर पहाट, ओल्या शेणाचा वास. नाकेदार, हवं: बदली, भय: रांजण मोजायला येणारा कारकून. वरच्या गावचा पाटील वारला त्याला आज नववा दिवस. बाजारात एकही हिरा शिल्लक नाही. शेवटची ओळ अजून कोरी आहे, कारण गुळाचा नवस फेडायला कोण जाणार ते ठरलेलं नाही.